पीसीओएस असताना मूल हवंय: पहिल्या तपासणीपासून आयव्हीएफपर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘दोन्ही ओव्हऱ्या पॉलिसिस्टिक’ ही ओळ वाचली तेव्हा मी आधी इंटरनेट उघडलं आणि मग रडत बसले. माझी पाळी त्या वेळी दीड-दोन महिन्यांनी यायची, आणि ‘वर्ष झालं प्रयत्न करतोय, काहीच नाही’ हे मी भेटेल त्याला ऐकवत होते. पुढे एका वयस्कर डॉक्टरबाईंनी माझ्याच फायलीच्या पाठीवर हिशेब मांडला. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिला वर्षात १३ संधी मिळतात. ४५ दिवसांनी येत असेल तर ८. ९० दिवसांनी येत असेल तर ४, आणि त्यातल्याही काही पाळ्या बीज न फुटताच येऊन गेलेल्या. ‘म्हणजे तुझं वर्ष अजून भरलेलंच नाही,’ त्या म्हणाल्या.

पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये, बहुतेकींचं घोडं इथेच अडतं. गर्भाशय ठीक असतं, नळ्या बहुधा ठीक असतात, बीजांचा साठा तर उलट भरपूर असतो. फक्त बीज वेळेवर फुटत नाही, ज्याला डॉक्टर ओव्ह्युलेशन म्हणतात ते होत नाही किंवा क्वचित होतं. म्हणून उपचारांची सगळी धडपड एवढ्यासाठीच असते की वर्षातल्या ३-४ संधींच्या जागी ८-१० मिळाव्यात. कुठलीही गोळी, इंजेक्शन, डाएट किंवा पावडर समोर आली की मी एकच विचारते: याने बीज फुटायला मदत होते का?

आत नेमकं काय अडतं

एरवी दर महिन्याला ओव्हरीत बरीच फॉलिकल्स वाढायला लागतात. फॉलिकल म्हणजे पाण्याची बारीक पिशवी, प्रत्येकीत एक बीज. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे हॉर्मोन येतं, त्याच्या जोरावर एक फॉलिकल पुढे निघतं आणि बाकीची जिरून जातात. पुढे निघालेलं साधारण १८ ते २२ मिमीचं झालं की एलएच हे दुसरं हॉर्मोन एकदम उसळतं आणि दीडेक दिवसात फॉलिकल फुटून बीज बाहेर पडतं.

पीसीओएसमध्ये अनेकींचं एलएच आधीपासूनच चढलेलं असतं. त्याच्या दाबाखाली ओव्हरी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी समजली जाणारी हॉर्मोन्स जास्त बनवते. त्यात इन्सुलिन नीट लागू पडत नसेल तर शरीर ते आणखी तयार करतं, आणि हे जादा इन्सुलिन ओव्हरीला अजून अँड्रोजेन बनवायला लावतं. शिवाय अँड्रोजेनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिन कमी होतं, त्यामुळे मोकळं अँड्रोजेन वाढतं. चेहऱ्यावरची लव आणि मुरमं येतात ती इथूनच. या सगळ्या गोंधळात फॉलिकल्स निघतात भरपूर, पण ५ ते ८ मिमीवर येऊन थांबतात. पुढे कोणीच जात नाही. सोनोग्राफीत ओव्हरीच्या कडेने मण्यांच्या माळेसारखी दिसतात ती हीच थांबलेली फॉलिकल्स.

त्यांना आपण ‘गाठी’ म्हणतो आणि घाबरतो. नावातच घोळ आहे. १९३५ साली शिकागोतल्या अर्विंग स्टाइन आणि मायकल लेव्हेंथल या डॉक्टरांनी ७ बायकांच्या केसेस मांडल्या. त्यांच्या ओव्हरीचा पाचरीसारखा तुकडा काढल्यावर पाळ्या परत सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून ‘सिस्ट’ हा शब्द या आजाराला चिकटला तो चिकटलाच. पण त्या काही काढून टाकायच्या गाठी नव्हेत. त्यात तुमचीच बीजं आहेत, वाट पाहत बसलेली.

एएमएच या, बीजांच्या साठ्याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीबद्दलही आत्ताच सांगते, कारण ती पाहून लोक भलतंच समजतात. पीसीओएसमध्ये एएमएच बहुधा जास्त येतं. साठा मोठा आहे एवढंच त्यातून कळतं. गर्भ लवकर राहील असं त्यातून निघत नाही.

आधी निदान पक्कं करा

नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. २००३ साली रॉटरडॅममध्ये ठरलेले निकष आजही थोड्याफार बदलांसह वापरात आहेत. तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: पाळी अनियमित किंवा बीज न फुटणं, अँड्रोजेन जास्त असल्याची लक्षणं किंवा रक्तात तसा पुरावा, आणि सोनोग्राफीत पॉलिसिस्टिक ओव्हरी. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ बाईमध्ये सोनोग्राफीच्या जागी एएमएच चालतं. पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफी निदानासाठी लागतही नाही. याउलट पाळ्या अगदी वेळेवर आहेत, लव नाही, मुरमं नाहीत, रक्त ठीक आहे आणि फक्त सोनोग्राफीत मणी दिसले, तर तो पीसीओएस नव्हे. तरुण वयात अशा ओव्हऱ्या कितीतरी जणींच्या दिसतात.

दुसरी बाजू अशी की पाळी लांबवणारे इतरही आजार आहेत, आणि ते वगळल्याशिवाय शिक्का मारू नये. थायरॉईडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या तीन तपासण्या झाल्या आहेत का ते फायलीत बघा. यातली शेवटची एका जन्मजात ॲड्रिनल विकारासाठी असते. तो हुबेहूब पीसीओएससारखा दिसू शकतो. थायरॉईड कमी निघालं तर त्याचाच उपचार पुरेसा ठरतो, असंही होतं.

दवाखान्यात कधी जायचं? पाळी नियमित असेल तर ३५ च्या आत वर्षभर आणि ३५ नंतर ६ महिने प्रयत्न करून मग जावं, असा सर्वसाधारण नियम आहे. पाळी अनियमित असेल तर हा नियम तुमच्यासाठी नाही. तुम्ही लगेच जा. आणि जाताना गेल्या वर्षभरातल्या पाळ्यांच्या तारखा लिहून न्या. ‘येते अधूनमधून’ या उत्तरापेक्षा सहा तारखांची एक चिठ्ठी डॉक्टरांना जास्त सांगते.

प्रयत्न सुरू करायच्या आधीची कामं

ही पायरी सगळे उडी मारून ओलांडतात. मीही ओलांडली होती.

पहिलं, फॉलिक ॲसिड. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहायच्या निदान महिनाभर आधीपासून, जमलं तर तीन महिने. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत बंद होते. पीसीओएसमध्ये तोपर्यंत पाळी चुकली आहे हेही कळलेलं नसतं, म्हणून ‘राहिलं की सुरू करू’ इथे चालत नाही. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा वजन बरंच जास्त असेल तर डोस मोठा लागू शकतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा.

दुसरं, साखर. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची चाचणी करून घ्या. नुसती उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून निर्धास्त राहू नका, कारण पीसीओएसमध्ये बिघाड अनेकदा ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या आकड्यात आधी दिसतो. गर्भ राहताना साखर चढलेली असेल तर गर्भपाताचा आणि बाळातल्या व्यंगाचा धोका वाढतो, आणि हा धोका आधी आटोक्यात आणता येतो. रक्तदाब आणि रुबेलाची प्रतिकारशक्तीही याच फेरीत पाहून घ्यावी.

तिसरं, चालू औषधं. लव किंवा केसगळतीसाठी स्पायरोनोलॅक्टोन किंवा फिनॅस्टेराईड, मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, वजनासाठी सेमाग्लुटाईड यांपैकी काही घेत असाल तर प्रयत्न सुरू करण्याआधी बोला. आयसोट्रेटिनॉइन थांबवल्यावर निदान एक महिना आणि सेमाग्लुटाईड थांबवल्यावर निदान दोन महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. त्वचेचे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ वेगळे असले की एकाला दुसऱ्याची गोळी माहीत नसते. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, हा सगळ्यात सोपा मार्ग.

आणि पाळीला ९० दिवस उलटून गेले असतील तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि त्याशिवाय गर्भाशयाचं अस्तर नुसतं वाढत राहतं. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तरात पेशींची अनिष्ट वाढ आणि कर्करोग यांचा धोका वाढतो. गोळ्या देऊन पाळी आणता येते. पण गोळी घेण्याआधी प्रत्येक वेळी गर्भचाचणी करायचीच. अनियमित पाळीच्या मागे कधीकधी खरंच दिवस गेलेले असतात.

जोडीदाराची तपासणी, आधीच

पीसीओएसचं नाव निघालं की सगळं खापर ओव्हरीवर फुटतं आणि नवऱ्याची वीर्यतपासणी सहा महिने लांबते. तोवर बाई गोळ्या खात असते. तपासणी साधी आहे: २ ते ७ दिवस संबंध किंवा वीर्यपतन टाळून नमुना द्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांत शुक्राणूंची खालची मर्यादा दर मिलीलीटरला १ कोटी ६० लाख आहे, हालचाल करणारे ४२ टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के. या शेवटच्या आकड्याने अनेक पुरुषांची झोप उडते. पण ४ टक्के म्हणजे खरोखरच ठीक, ९६ टक्के वेडेवाकडे असूनही. रिपोर्ट बिघडलेला आला तर घाई नसेल तेव्हा तीन महिन्यांनी पुन्हा करावा, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

नळ्यांची तपासणी, म्हणजे एचएसजी, सगळ्यांना पहिल्या दिवशी लागत नाही. आधी ओटीपोटाचा जंतुसंसर्ग, क्षयरोग, शस्त्रक्रिया असं काही झालं असेल तर लवकर करतात. नसेल तर गोळ्यांच्या काही सायकल, म्हणजे पाळीच्या काही फेऱ्या, बघून. इंजेक्शनांवर जाण्याआधी मात्र नळ्या उघड्या आहेत हे पाहून घ्यावं.

घरच्या घरी बीज फुटल्याचं ओळखणं

ॲपवर विसंबू नका. ॲप मागच्या पाळ्यांची सरासरी काढतं, आणि जिची एक पाळी ३४ दिवसांनी आणि पुढची ७० दिवसांनी आली तिच्या सरासरीला काही अर्थ नसतो. बीज फुटल्यानंतर पाळी साधारण १४ दिवसांनी येते. हा उत्तरार्ध बराचसा ठरलेला असतो. लांबतो तो पूर्वार्ध.

ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या मी महिनाभर वापरल्या. नवव्या दिवशी दोन गडद रेघा, दहाव्या दिवशी दोन, अकराव्या, बाराव्या, तेराव्याही दिवशी दोन. आम्ही दोघं दमून गेलो. पंधराव्या दिवशी सोनोग्राफीत सगळ्यात मोठं फॉलिकल ९ मिमीचं निघालं. पट्टी एलएच मोजते, आणि पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेलं असू शकतं, म्हणून ती फसवते. सगळ्यांच्याच बाबतीत फसवते असं नाही, पण सलग चार-पाच दिवस रेघा दिसत असतील तर पट्ट्यांवर पैसे घालवू नका.

त्यापेक्षा योनीतल्या स्रावाकडे लक्ष ठेवा. पारदर्शक, निसरडा, दोन बोटांत धरला तर तार निघेल असा स्राव आला की ते दिवस जवळ आलेले असतात. पीसीओएसमध्ये फॉलिकल पुढे सरकून परत मागेही येतं, त्यामुळे असा स्राव येऊन नुसताच जाऊही शकतो. तरी पट्टीपेक्षा मला तो जास्त उपयोगी पडला. सकाळचं तापमान अंथरुणातून उठण्याआधी मोजत राहिलात तर बीज फुटल्यावर ते किंचित चढून तिथेच टिकतं. यातून फुटून गेलं एवढंच कळतं, फुटणार आहे हे नाही. बीज १२ ते २४ तास टिकतं आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणून नेमका दिवस पकडायच्या नादापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी संबंध ठेवणं सोपंही आणि पुरेसंही.

खात्री हवी असेल तर प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी. इथे एक चूक सर्रास होते. ती ‘एकविसाव्या दिवशी’ करतात, आणि एकविसावा दिवस फक्त २८ दिवसांच्या पाळीला लागू आहे. माझी तपासणी एका ठिकाणी बरोबर एकविसाव्या दिवशी केली, आकडा कमी आला, ‘बीज फुटत नाही’ असं लिहून दिलं. पाळी आली ४६ व्या दिवशी. म्हणजे फुटलंच असेल तर ३२ व्या दिवसाच्या आसपास, आणि तपासणी त्याच्या आधीच होऊन गेलेली. तपासणी अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी हवी. अंदाज येत नसेल तर आठवड्याने परत. आकडा मिलीलीटरला ३ नॅनोग्रॅमच्या वर गेला की बीज फुटलं असं धरतात.

वजन: जेवढं खरं आहे तेवढंच

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावर अनेकींच्या पाळ्या सुधारतात आणि औषधंही जास्त चांगली लागू पडतात. ८० किलोच्या बाईला हे ४ ते ८ किलो झाले. ‘आदर्श’ वजन गाठायची अट नाही. कुठलं डाएट? २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एकाही विशिष्ट डाएटला वरचढ ठरवलेलं नाही, त्यामुळे ‘खास पीसीओएस डाएट’ विकणाऱ्याला तुमच्या उपासमारीत जास्त रस आहे असं समजा. जे वर्षभर खाता येईल ते खरं. व्यायाम आठवड्याला निदान १५० मिनिटं दमवेल असा, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा. वजन काट्यावर हललं नाही तरी इन्सुलिन चांगलं लागू पडू लागतं, त्यामुळे काट्याकडे बघून चालणं सोडू नका.

बारीक असूनही पीसीओएस असलेल्या बायका असतात. त्यांना ‘वजन कमी कर’ सांगणं निरुपयोगी, क्वचित घातकही. आणि ३७ वर्षांच्या बाईला ‘आधी १५ किलो उतरवून ये’ म्हणून वर्षभर परत पाठवणं मला पटत नाही. त्या वर्षात वयामुळे होणारं नुकसान वजनामुळे होणाऱ्या फायद्याला गिळून टाकू शकतं. दोन्ही बरोबर चालू शकतं का, हे स्पष्ट विचारा.

गोळ्या: लेट्रोझोल आणि क्लोमिफीन

बीज फोडण्यासाठी आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. २०१४ साली ७५० बायकांवरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात पाच सायकलपर्यंत उपचार दिल्यावर लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, क्लोमिफीन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना. त्यानंतर वारं फिरलं. गोळीच्या खोक्यातला कागद वाचून मात्र धक्का बसतो, कारण त्यावर स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं असतं. औषध मूळ त्याचसाठी आलं. ते शरीरातलं इस्ट्रोजेन थोड्या दिवसांसाठी कमी करतं. मेंदूला वाटतं ओव्हरी काम करत नाहीये, म्हणून तो एफएसएच वाढवतो आणि अडलेलं एखादं फॉलिकल पुढे निघतं. गर्भ रुजायच्या वेळेपर्यंत औषध शरीरातून जवळजवळ निघून गेलेलं असतं. बऱ्याच देशांत या कामासाठी त्याची अधिकृत नोंद नाही, तरी डॉक्टर ते वापरतात. तुम्हाला तसं सांगून द्यायला हवं.

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांपैकी एका दिवशी सुरू करून पाच दिवस रोज २.५ मिग्रॅ, असा पहिला डोस. नाहीच फुटलं तर पुढे ५, मग ७.५. थकवा, डोकेदुखी, अंगातून वाफा हे त्रास होतात आणि जातात. क्लोमिफीन जुनं, ५० मिग्रॅपासून सुरू होतं. त्याने काहींचं अस्तर पातळ राहतं आणि जुळ्यांचं प्रमाण वाढतं. नजर धूसर झाली किंवा डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं तर गोळी बंद करून लगेच कळवायचं. सहा सायकलच्या पुढे ते सहसा ओढत नाहीत.

गोळ्यांसोबत निदान पहिल्या सायकलला फॉलिक्युलर स्टडी होते, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी योनीमार्गे सोनोग्राफी. हातात येणारी चिठ्ठी वाचता आली तर भीती निम्मी होते. माझी एक अजून जपून ठेवलेली आहे. दहावा दिवस: उजवीकडे ११ मिमी, डावीकडे ‘एमएसएफ’, अस्तर ५.५. बारावा: उजवीकडे १४, अस्तर ६.८. चौदावा: उजवीकडे १८, अस्तर ८, त्यापुढे ‘ट्रिपल लाइन’. सोळावा: ‘रप्चर्ड’, ओटीपोटात किंचित पाणी. एमएसएफ म्हणजे अनेक बारीक फॉलिकल्स, तीच अडलेली. पुढे निघालेलं फॉलिकल रोज साधारण दीड-दोन मिमी वाढतं. अस्तर ७-८ मिमीचं आणि तीन रेघांचं दिसलं की चांगलं मानतात. शेवटच्या दिवशीचं ते किंचित पाणी फॉलिकल फुटल्याचं. एवढंसं पाणी पाहून मला किती आनंद झाला होता, हे आठवून आज हसू येतं.

फॉलिकल तयार झालं की कधी एचसीजी या हॉर्मोनचं इंजेक्शन देतात, त्यानंतर साधारण ३६ तासांनी ते फुटतं. आणि सावध: हेच हॉर्मोन गर्भचाचणीची पट्टी ओळखते. इंजेक्शनानंतर दोन आठवड्यांच्या आत पट्टी लावलीत तर खोटी दुसरी रेघ दिसू शकते.

चिठ्ठीवर तीन-चार मोठी फॉलिकल्स दिसली तर चांगला डॉक्टर त्या महिन्यात संबंध टाळायला सांगेल. राग येतो, पण तिळ्यांचं गरोदरपण आई आणि बाळं दोघांनाही जड जातं.

मेटफॉर्मिन आणि इतर गोष्टी

मेटफॉर्मिन हे मुळात मधुमेहाचं औषध, ते इन्सुलिनची बाजू सांभाळतं. एकटंच दिलं तरी काहींच्या पाळ्या सुधारतात, पण बीज फोडण्यात ते लेट्रोझोलच्या मागे आहे. वजन जास्त असेल, साखर काठावर असेल किंवा क्लोमिफीन लागू पडलं नसेल तर जोडीला देतात. सुरुवातीला पोट बिघडतं. ५०० मिग्रॅपासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवलं तर बहुतेकींना सोसतं. बरीच वर्षं घेतलं तर बी-१२ तपासत राहावं.

इनॉसिटॉल या पूरकाबद्दल उत्साह पुराव्याच्या बराच पुढे गेला आहे. घ्यायला हरकत नाही, नुकसान फारसं नाही, पण लेट्रोझोल टाळून ते घेत बसू नका. ‘हॉर्मोन संतुलित करणाऱ्या’ काढ्यांबद्दल मी एवढंच म्हणेन की बाटलीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर गर्भ राहायच्या काळात ते पोटात जाऊ देऊ नये.

गोळ्यांनी नाहीच झालं तर

दोन वाटा आहेत. एक, एफएसएचची इंजेक्शनं. पीसीओएसची ओव्हरी आधी ढिम्म बसते आणि मग एकदम उधळते, म्हणून डोस अगदी लहान, ३७.५ ते ७५ युनिटपासून, आणि सोनोग्राफीच्या नजरेखालीच वाढवायचा. सोनोग्राफी न करता इंजेक्शनं टोचणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावं.

दुसरी वाट लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, ओव्हेरियन ड्रिलिंग. ओव्हरीवर मोजकी, साधारण चार, बारीक छिद्रं पाडतात. अँड्रोजेन बनवणारा भाग थोडा कमी होतो आणि काही काळ बीज आपोआप फुटायला लागतं. जुळ्यांचा जादा धोका नाही, वारंवार सोनोग्राफी नाही, ही जमेची बाजू. भूल, आतले भाग एकमेकांना चिकटणं आणि ओव्हरीचा साठा घटण्याची शक्यता ही दुसरी. दुसऱ्या कारणासाठी लॅप्रोस्कोपी होणारच असेल तर विचार करण्याजोगं. पहिल्याच भेटीत कोणी ड्रिलिंग सुचवलं तर दुसरं मत घ्या.

आययूआयचं, म्हणजे वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचं काय? वीर्य आणि संबंध दोन्ही ठीक असतील तर पीसीओएसमध्ये त्याने फारसं साधत नाही. अडचण ओव्हरीत होती, ती गोळीने सुटली की बाकीचं घरी होतं. वीर्य थोडं कमजोर असेल तेव्हा त्याला अर्थ आहे.

आयव्हीएफ

पीसीओएससाठी आयव्हीएफ, म्हणजे बीजं बाहेर काढून शरीराबाहेर फलित करणं आणि तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं, ही तिसऱ्या फळीची गोष्ट. नळ्या बंद असतील, वीर्यात मोठी अडचण असेल किंवा वय पुढे गेलं असेल तर मात्र ते आधीच येऊ शकतं. इथे यशाची शक्यता चांगली असते कारण बीजं भरपूर मिळतात. धोकाही त्यातच आहे. ओव्हरी फार उत्तेजित झाली की फुगते, रक्तातलं पाणी पोटात झिरपतं. याला ओएचएसएस म्हणतात. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. अँटॅगोनिस्ट प्रोटोकॉल (बीज वेळेआधी फुटू नये म्हणून एलएच रोखणारी इंजेक्शनं) वापरणार का? बीजं खूप झाली तर एचसीजीऐवजी ॲगोनिस्टचं ट्रिगर (बीजं पिकवणारं शेवटचं इंजेक्शन) देणार का? आणि भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडणार का? या तिन्हींनी धोका बराच खाली येतो. २०१६ साली चीनमध्ये पीसीओएसच्या १५०८ बायकांवर झालेल्या अभ्यासात भ्रूण गोठवून नंतर सोडलेल्या गटात ४९.३ टक्के जणींना मूल झालं, ताजे सोडलेल्यांत ४२ टक्के, ओएचएसएस १.३ विरुद्ध ७.१ टक्के. गोठवलेल्या गटात गरोदरपणातल्या रक्तदाबाचा गंभीर त्रास मात्र जास्त दिसला, त्यामुळे ही फुकटात मिळालेली सुधारणा नव्हे.

बीजं काढल्यानंतर पोट झपाट्याने फुगलं, दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

या सगळ्यात मन कुठे असतं? पीसीओएसमध्ये नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण मुळातच जास्त आहे, त्यावर दर दोन दिवसांनी सोनोग्राफीचं टेबल. तीन सायकल झाल्यावर एक महिना सुट्टी घेतली तर काही बिघडत नाही. मी घेतली होती. झोप लागत नसेल, रडू थांबत नसेल तर ते डॉक्टरांना पाळीच्या तारखेइतकंच स्पष्ट सांगा.

दोन रेघा आल्यानंतर

आनंद करा, आणि साखरेची तपासणी परत करा. पीसीओएसमध्ये गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब आणि मुदतीआधीची प्रसूती यांचा धोका वाढलेला असतो, म्हणून ग्लुकोजची चाचणी पहिल्याच भेटीत आणि ती ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. मेटफॉर्मिन चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नका. पाळी अनियमित असल्याने आठवडे तारखेवरून मोजले तर चुकतात. लवकरच्या सोनोग्राफीवरून मोजलेलेच धरा, नाहीतर सातव्या आठवड्यात ठोके दिसले नाहीत म्हणून घाबराल आणि प्रत्यक्षात पाचवाच चालू असेल.

बाळंतपणानंतरची एक गोष्ट आमच्या घरी कोणालाच सुचली नव्हती. दुसरं मूल लगेच नको असेल तर गर्भनिरोधक वापरा, ‘मला तर पीसीओएस आहे’ असं म्हणून सोडून देऊ नका. पाळी सुरू झाली की बघू, हेही नको. बीज पाळीच्या दोन आठवडे आधी फुटतं, त्यामुळे पाळी यायच्या आतच परत दिवस गेलेले असू शकतात.